क्लिअरन्सच्या फॉर्मवर 'नाही'वर टिक करण्याआधी

उत्तर व्हर्जिनियात नव्याने आलेल्यांना डलेस विमानतळाच्या आसपास नोकरी शोधताना एक अट हमखास दिसते: अमेरिकन नागरिक हवा, सिक्युरिटी क्लिअरन्स (सरकारी गुपितं हाताळायची परवानगी) मिळण्याजोगा. एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर ती जाहिरात सोडून द्या. क्लिअरन्स नागरिकांसाठी असतो आणि तोही कंपनीने पुढे केलं तरच. आपला आपण अर्ज करता येत नाही. तरी हे आत्ताच वाचून ठेवा, कारण पुढे विचारतील ते या दिवसांबद्दलच.

क्लिअरन्सचा फॉर्म म्हणजे एसएफ-८६, शंभरावर पानांचा. त्यातलं २३वं सदर अमली पदार्थांचं: गेल्या ७ वर्षांत काही घेतलंय का?

एका मित्राच्या घरी हा फॉर्म भरताना मी हजर होतो. त्याचा मुलगा इथेच वाढलेला, नुकती नोकरी लागलेली. कॉलेजात पाच-सहा वेळा गांजा ओढलेला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटच्या अ‍ॅडरॉलच्या (एकाग्रतेसाठी डॉक्टर देतात ते औषध) दोन गोळ्या घेतलेल्या. दुसऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनची गोळीही यात धरतात, हे आमच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हतं. मित्र म्हणाला, "नाही लिही रे, कोणाला कळतंय?" वहिनी पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि कळलं तर?"

कळतंच. तपासनीस जुने रूममेट, शेजारी, साहेब यांना भेटतो. पण खरी गोम वेगळीच आहे. निर्णय होतो तो २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांवर. 'एच' निकष अमली पदार्थांचा. त्यात बाहेर पडायला वाटा ठेवल्यात: काळ लोटला, क्वचितच घेतलं, ती संगत सुटली, पुन्हा घेणार नाही असं लिहून दिलं. 'ई' निकष वागणुकीचा, त्यात खरेपणा येतो. तिथे जाणूनबुजून लपवलेलं फार महागात पडतं. गांजा सहा वर्षांपूर्वीचा असतो, खोटं मात्र आज सकाळचं. शिवाय फॉर्मवर खोटं लिहिणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा फेडरल गुन्हा. उलट २३व्या सदरात छापलेलंच आहे, की इथली खरी उत्तरं फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरणार नाहीत. हे कोणी वाचतच नाही.

माझंच सांगतो. होळीला नाशकात भांगेची थंडाई प्यायलो होतो, ती मी माझ्या एसएफ-८६वर लिहिली नाही. म्हटलं, हा तर सण. भारताच्या १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसत्या पानांची भांग बसत नाही, पण अमेरिकेच्या व्याख्येत पानंही गांजाच. मुलाखतीत तपासनीस त्या पानावर यायच्या आधीच मी सांगून टाकलं. किती ग्लास, कोणाबरोबर, पुन्हा घेणार का, सगळं त्याने शांतपणे लिहून घेतलं. पकडले जाण्याआधी आपणहून चूक दुरुस्त केली तर ती बाजूने धरतात. मंजुरी आली, उशिरा आली.

"इथे तर कायदेशीर आहे" यावर विसंबू नका. व्हर्जिनियात २०२१ पासून थोडा गांजा बाळगता येतो, पोटोमॅक नदीपलीकडे मेरीलँडमध्ये २०२३ पासून दुकानातही मिळतो. फेडरल कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. डिसेंबर २०२१मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनी कळवलं, की पूर्वीचा गांजा एवढ्या एकाच कारणाने क्लिअरन्स नाकारणार नाहीत. पूर्वीचा! आजही ओढत असाल तर दार बंद.

अजून नागरिक झाला नसाल तर जास्तच जपा. गांजाची नुसती कबुलीसुद्धा ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या आड येऊ शकते, आणि तिथे शपथेवर खोटं बोलणं त्याहून वाईट. त्यामुळे अर्ज भरण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला गाठा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. इमिग्रेशनच्या अर्जातली तुमची उत्तरं आणि पुढे एसएफ-८६वरची उत्तरं जुळायला हवीत.

कंत्राटदारांकडच्या नोकऱ्यांसाठीच्या क्लिअरन्सच्या वादांचे निकाल संरक्षण खातं नावं गाळून प्रसिद्ध करतं. दोन-चार वाचा, माझ्या सांगण्यापेक्षा लवकर पटेल.

मित्राच्या मुलाने शेवटी 'हो' लिहिलं. महिना नक्की आठवेना, तेव्हा तारखेशेजारचा 'अंदाजे'च्या चौकोनावर टिक केली. मग लॅपटॉप मिटायला लागला, तर वहिनी म्हणाल्या, "आणि त्या गोळ्या?"