कुंपणावरून वाद? आधी मोजणी, मग तार

कळव्यात आमच्या बैठ्या घराशेजारच्या काकांनी तारेचे खांब हातभर आत रोवले, असं आम्हाला वाटत होतं. त्यांना वाटत होतं, आम्हीच पुढे सरकलोय. दोघांकडे टेप होती, पण मोजायला सुरुवात कुठून करायची यावरच एकमत नव्हतं. नुसत्या टेपने हा वाद सुटत नाही, हे लक्षात ठेवा.

आपला सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करा. लगतच्या जमीनधारकांना नोटीस जाते. पण नोटीस पोहोचण्याआधी स्वतः शेजारी जाऊन सांगा, “काका, मोजणी मागवलीय, तुम्हीही उभे राहा.” जमल्यास फी अर्धी-अर्धी भरा. आम्ही भरली, आणि भूकरमापकाने, म्हणजे मोजणीला आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याने, खुणा दाखवल्या तेव्हा काकांनी स्वतःच चुना टाकला. नंतर मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, नक्की घ्या. मोजणी पटली नाही, तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

तोवर खांब उपटू नका. सरकारी हद्दीच्या खुणेला तर हातही लावू नका. जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार त्याला दंड आहे. मात्र वर्षानुवर्षं गप्पही बसू नका, कारण १२ वर्षांच्या उघड, सलग कब्जावर समोरचा हक्क सांगू शकतो.

नवी मुंबईत सिडकोचा भाडेपट्ट्याचा भूखंड असेल, तर करारासोबतचा नकाशा आधी काढा.