निकॉन डी६०० ठेवायचा की बदलायचा? आधी ही टेस्ट करा

जालना, परभणी, लातूर साईडला लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या पोरांना स्वस्तात फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा पाहिजे असला की सेकंडहँड डी६०० समोर येतो, आणि घेतला की लगेच कुणीतरी सांगतंच, अरे याच्या सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) डाग पडतात, काढून टाक. थांबा जरा. डाग पडतात हे खरंय, पण तुमच्या बॉडीत पडायलेत का ते आधी बघा.

प्रकरण असं झालं की २०१२ ला हा मॉडेल आला आणि फोटोत ठिपके दिसायला लागले, जास्त करून वरच्या डाव्या कोपऱ्यात. संशय शटरवर, म्हणजे सेन्सरसमोर उघडझाप करणाऱ्या पडद्यावर होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीनं नवं शटर टाकून डी६१० काढला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केलं की वॉरंटी संपलेली असली तरी डी६०० फुकट तपासून, साफ करून शटर बदलून देऊ. म्हणून सगळ्यात पहिलं काम म्हणजे ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा, शटर बदललंय का, सर्व्हिसचा कागद आहे का. बदललेलं असलं तर अर्धी चिंता मिटली.

मग टेस्ट. लेन्स एफ/१६ वर टाका (म्हणजे आतलं छिद्र एकदम लहान), आयएसओ १००, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम आऊट करा आणि मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सूर्याकडं तोंड करू नका. उन्हाळ्यातलं आपलं पांढरंफटक आभाळ याला एकदम भारी. कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून कोपरा न् कोपरा बघा. ठिपके दिसले तरी घाबरू नका, मराठवाड्यातली धूळ कुठल्याही कॅमेऱ्यात शिरते. बॅटरी फुल चार्ज करून मेनूतून आरसा वर करा, हाताच्या ब्लोअरनं हवा मारा (तोंडानं फुंकू नका, डब्यातला स्प्रे तर अजिबात नको) आणि परत तोच फोटो काढा. गेले तर साधी धूळ. नाही गेले तर ओली सफाई (द्रव लावून सेन्सर पुसणं) लागते, हात बसलेला नसेल तर चांगल्या माणसाकडून करून घ्या.

खरा निकाल लागतो तो सफाईनंतर. आठ-पंधरा दिवस नेहमीसारखं काम करा, एक-दोन कार्यक्रम होऊ द्या, आणि मग परत एफ/१६ वर बघा. एखाददुसरा ठिपका आला तर सोडून द्या, पण त्याच कोपऱ्यात परत गर्दी झाली तर गडबड शटरची आहे, कितीही पुसलं तरी ती येतच राहणार.

आता तुमचं काम काय ते बघा. हॉलमध्ये एफ/२.८ वर लग्न काढणाऱ्याला हे डाग दिसतसुद्धा नाहीत, कारण छिद्र मोठं असलं की ठिपका पसरून विरून जातो. पण दौलताबादचा किल्ला, वेरूळ, शेतशिवार असलं एफ/११-१६ वर काढणाऱ्याला प्रत्येक आभाळात बसून ठिपके पुसावे लागतात, आणि तो वेळ फुकटचा नसतो हो.

बदलायचंच ठरलं तर माझ्या मते आधी डी६१० बघा. सेन्सर तसाच २४ मेगापिक्सेलचा, वेगात किरकोळ फरक, म्हणजे फोटो काही सुधारणार नाहीत, पण डागांचं टेन्शन जातं आणि लेन्सा सगळ्या चालतात. थेट निकॉनच्या झेड सिरीजच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) उडी मारायची असली तर लेन्सा नीट मोजा, कारण ५० एमएम १.८डी सारख्या जुन्या डी लेन्सा निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्सा झेड बॉडीला जोडायच्या जोडणीवर) ऑटोफोकस करत नाहीत, त्यामुळं बॉडीसोबत लेन्सांचाही खर्च धरावा लागतो.

जुना विकताना घेणाऱ्याला आभाळाचा तो एफ/१६ चा फोटो दाखवा आणि शटरचं काय झालंय ते स्पष्ट सांगा. दोन हजार कमी आले तरी चालतील, तोही कुणाच्या तरी लग्नातच तो कॅमेरा घेऊन जाणार आहे.