फ्युएल पंप बदलताना आधी वायरिंग तपासा

ताकद वाढवलेल्या इंजिनासाठी मोठा फ्युएल पंप घेताना बहुतेक जण पंपाच्या खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा पाहतात आणि तिथेच थांबतात. तो आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो, हे फारसे कोणी सांगत नाही. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण 270 ग्रॅम इंधन लागते, म्हणजे 400 हॉर्सपॉवरसाठी सुमारे 145 लिटर. मग 255 लिटरचा पंप भरपूर वाटतो, पण 1.5 बार बूस्टला (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब) रेग्युलेटर, म्हणजे इंधनाचा दाब राखणारा भाग, मुळातला 3 बार दाब 4.5 बारपर्यंत नेतो आणि दाब वाढला की प्रवाह घटतो. म्हणून पंपाची निवड त्याचा दाब-प्रवाह आलेख पाहूनच करावी.

काम सुरू करताना टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली असावी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो, आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व खाली साचते, त्यामुळे खड्ड्यावर गाडी घेऊन हे काम कधीही करू नये.

पंप टाकीतच असतो; त्यावरचे टाकीचे झाकण उघडून तो बदलणे सोपे आहे. गाळणी आणि झाकणाचे गॅस्केट नवेच घालावे, कारण पेट्रोलने फुगलेले जुने गॅस्केट पुन्हा खाचेत बसत नाही. टाकीच्या आतली नळी मात्र एसएई जे30आर10 दर्जाची, म्हणजे इंधनात बुडून राहण्यासाठीच बनवलेली हवी. साधी इंधननळी फक्त आतून पेट्रोल सोसते. ती टाकीत बुडवली की फुगून भेगाळते आणि दाब टाकीतच गळू लागतो.

आता वायरिंग, ज्याने मला सर्वाधिक छळले. मोठा पंप बसवूनही माझ्या गाडीत वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होत असे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडे. पंपच सदोष आहे असे समजून मी तो बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, रेग्युलेटर उघडला, आणि यात दोन महिने गेले. अखेर डायनोवर (गाडी जागीच चालवून ताकद मोजणारे यंत्र) पूर्ण बूस्ट असताना मोजले, तेव्हा अल्टरनेटरवर 13.9 व्होल्ट होते आणि पंपाच्या पिनांवर अवघे 11.2. झाकणावरचा कनेक्टर सोडवला, तर पॉझिटिव्ह पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडले होते.

कारण सरळ आहे. मूळ तार लहान पंपासाठी दिलेली असते. मोठा पंप जास्त करंट ओढतो, दाब वाढताच तो आणखी वाढतो, आणि नेमके इंधन सर्वाधिक हवे असते त्याच क्षणी व्होल्टेज पडते. इंजिन नुसते आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ठेवून घेतलेली नोंद म्हणूनच निरुपयोगी आहे.

बॅटरीपासून 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार टाकावी आणि तिचा फ्यूज बॅटरीलगतच बसवावा. ही तार रिलेच्या (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 30 क्रमांकाच्या टोकाला जोडावी आणि 87 वरून पंपाकडे न्यावी. पंपाची जुनी पॉझिटिव्ह तार 86 वर देऊन रिले तिच्यावर चालवावा व 85 चेसिसला जोडावे. पंप थेट इग्निशनवर जोडण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही, कारण अपघातात इंजिन बंद पडले तरी तो पंप पेट्रोल ढकलतच राहतो. ज्या गाडीत पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल ठरवते, तिथे मात्र ही जोडणी चालत नाही. मॉड्यूल प्रवाह झपाट्याने चालू-बंद करून वेग बदलते आणि जुन्या तारेतल्या अशा तुटक प्रवाहाने रिले थरथरतो, म्हणून तिथे त्या पंपाला साजेसे मॉड्यूलच घ्यावे. अर्थची तारही तितकीच जाड हवी. झाकणातल्या पिना बारीक असतील तर जास्त करंटच्या पिना असलेला कनेक्टर बसवावा, नाहीतर सारी जाड तार त्या दोन पिनांपाशी वाया जाते.

शेवटी प्रेशर गेज लावावा. आयडलला, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर, दाब पूर्वीइतकाच दिसला पाहिजे; तो चढला असेल तर जादा पेट्रोल परत पाठवणे मूळ रेग्युलेटरला किंवा परतीच्या नळीला झेपत नाही. नळी पुन्हा जोडून बूस्टवर तपासावे: बूस्ट जितका वाढेल तितकाच दाब वाढला पाहिजे, आणि पंप व अल्टरनेटर यांच्या व्होल्टेजमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. हे दोन्ही जुळेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नये. पहिल्या काही लांब फेऱ्यांनंतर तो कनेक्टर पुन्हा उघडून पिनांभोवतीचा रंग पाहावा.