अ‍ॅडमिटची वाट: जानेवारी ते अखाजी

अमेरिकेतल्या एमएस-पीएचडीचे बहुतेक अर्ज १५ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या सुमारास जातात. उत्तरं मात्र फेब्रुवारी ते एप्रिल, कधी त्याच्याही पुढे, सुटी सुटी येत राहतात. शेतावर भरताच्या पार्ट्या चालू असताना अर्ज पाठवलेला मुलगा अखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके बांधले जाईपर्यंत अधांतरी असतो. उत्तर कोणत्या तासांत येऊ शकतं हे एकदा कागदावर मांडलं की बाकीचा दिवस मोकळा होतो. आणि तो मोकळा लागतोच, कारण या तीन-चार महिन्यांत करायची काही कामं अशी आहेत की ती राहिली तर अ‍ॅडमिट (प्रवेश मिळाल्याचं पत्र) हातात असूनही जाणं हुकतं.

आधी घड्याळ

निर्णय ऑफिसातली माणसं पाठवतात आणि बहुतेक वेळा ऑफिसच्या वेळेतच पाठवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळी ७.३० ते पहाटे ३.३०. शिकागो-टेक्सासच्या पट्ट्यात रात्री ८.३० ते पहाटे ४.३०. कॅलिफोर्नियात रात्री १०.३० ते सकाळी ६.३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे सरकतात, तेव्हापासून या सगळ्या वेळा आपल्याकडे एक तास अलीकडे येतात. अ‍ॅरिझोना राज्य घड्याळ बदलत नाही, तिथलं गणित वर्षभर रात्री ९.३० ते पहाटे ५.३० असंच राहतं.

याचा अर्थ, सकाळी साडेसहानंतर एकदा पाहिलं की तिकडच्या आदल्या पूर्ण दिवसाचं जे काही असेल ते समोर येतं. रात्री दोनला उठून विद्यापीठाचं पोर्टल उघडायची गरज नाही. अशा सकाळी आठवड्यात पाचच, मंगळवार ते शनिवार. सोमवारी सकाळी तिकडे अजून रविवारच असतो. शनिवारी पाहून झालं की सोमवार संध्याकाळपर्यंत विषय बंद. जानेवारीचा आणि फेब्रुवारीचा तिसरा सोमवार तिथे सुट्टीचा, त्यामुळे त्या आठवड्यांत मंगळवारची सकाळही बहुधा कोरडीच जाते. आधी वेळ लावून ठेवलेला एखादा निर्णय शनिवार-रविवारी सुटतो, नाही असं नाही. पण उत्तर द्यायची मुदत दिवसांत आणि आठवड्यांत असते, तासांत नसते. दोन दिवस उशिरा पाहिल्याने कुणाची जागा गेलेली नाही.

इंग्लंडची वेळ दुपारी २.३० ते रात्री १०.३०, जर्मनीची दुपारी १.३० ते रात्री ९.३०. तिथे बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो, मग एक तास वजा करायचा. या देशांना अर्ज केले असतील तर रात्री झोपण्याआधी एकदा पाहावं.

मेलसाठी एक फिल्टर लावून ठेवा: विद्यापीठांच्या पत्त्यांवरून आलेलं सगळं एका वेगळ्या लेबलखाली जाईल आणि स्पॅममध्ये जाणार नाही असं. जीमेलचा प्रमोशन्स टॅब आणि स्पॅम आठवड्यातून एकदा हातानं चाळा. बऱ्याच ठिकाणी मेलमध्ये निकाल नसतोच, ‘पोर्टलवर बदल झाला आहे’ एवढीच ओळ असते. निकाल दाखवण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो मेल विद्यापीठाचा नाही.

पोर्टल नीट वाचणं

‘अंडर रिव्ह्यू’ या शब्दांतून काहीही निघत नाही. तीन महिने तेच दिसतं आणि एका सकाळी थेट निर्णय येतो. खरी पाहायची जागा म्हणजे खालची कागदपत्रांची यादी. तिथे एखाद्या ओळीपुढे ‘मिळालेलं नाही’ असं असेल तर काही विभाग फाइल उघडतही नाहीत, आणि हे अनेकांना मार्चमध्ये कळतं.

आपल्याकडे ही ओळ अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावात वडिलांचं नाव जोडलेलं. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेला नोंदणी करताना वडिलांचं नाव गाळलेलं. तीन कागदांवर तीन माणसं झाली. संगणक जन्मतारीख आणि नाव जुळवून स्कोअर अर्जाला जोडतो, जुळलं नाही की स्कोअर तसाच पडून राहतो. त्यात एकाच वर्गात दहा पाटील आणि सहा चौधरी असणाऱ्या जिल्ह्यातून अर्ज जात असेल तर गोंधळाला आमंत्रणच. उपाय साधा आहे. स्कोअर पाठवून दोन-तीन आठवडे झाले तरी ‘मिळालेलं नाही’ दिसत असेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करा. त्यात अर्ज क्रमांक, जन्मतारीख, परीक्षेचा नोंदणी क्रमांक आणि दोन्ही ठिकाणी नाव कसं लिहिलं आहे ते द्या, सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडा. हे काम जानेवारीतच उरकावं.

दुसरं कारण शिफारसपत्र. सर ‘पाठवतो’ म्हणतात आणि लिंक त्यांच्या स्पॅममध्ये जाते. पोर्टलवरून पुन्हा आठवण पाठवा आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष भेटून, समोर बसून अपलोड करून घ्या. फोनवर हे काम होत नाही.

निकाल कधी, हे विचारणारा मेल एकदाच करायचा, तोही विद्यापीठाने स्वतः सांगितलेली तारीख उलटून आठ-दहा दिवस झाल्यावर. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक, आत चार ओळी. ज्या प्राध्यापकाकडे काम करायचं आहे त्याला ‘माझं काय झालं’ म्हणून लिहू नका.

व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामचे ग्रुप या दिवसांत फार छळतात. कुणाला तरी अ‍ॅडमिट आला की दोनशे जण पोर्टल उघडतात. निर्णय विभागवार आणि तुकड्यांनी निघतात. पहिल्या तुकडीत नाव नसणं म्हणजे नकार नव्हे. ग्रुप सोडवत नसेल तर म्यूट करा आणि आठवड्यातून एकदाच वाचा.

कर्जाची फाइल: फेब्रुवारीतच

खान्देशातल्या घरांचं गाडं बहुधा इथे अडतं. घरी केळीची किंवा कापसाची आठ-दहा एकर जमीन असते, तिची बाजारातली किंमत कोटीत जाते, आणि सगळ्यांना वाटतं की सातबारा ठेवला की कर्ज मिळेल. थकलेल्या कर्जाच्या वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. म्हणून परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला शेतजमीन सहसा तारण म्हणून चालत नाही. बिनशेती प्लॉट, शहरातलं घर किंवा फ्लॅट, मुदत ठेव, विमा पॉलिसी हे चालतं. शिक्षण कर्जाच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण अमेरिकेचं गणित त्यापुढे जातं.

प्लॉट असेल तर हे कागद आत्ताच काढा: बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, मूळ खरेदीखत आणि त्याआधीच्या खरेदीखतांची साखळी, सिटी सर्व्हेचा प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती. बँकेचा वकील मालकीचा मागचा इतिहास तपासून सर्च रिपोर्ट देतो, मूल्यांकनकार जागा पाहून किंमत काढतो. या दोन कामांत दोन-तीन आठवडे सहज जातात. प्लॉट आजोबांच्या नावावर असेल आणि वारस नोंद झालेली नसेल तर महिने जातात. सर्व वारसांच्या सह्या लागतात, आणि पुण्याच्या काकांची सही मिळवणं हे अ‍ॅडमिट मिळवण्यापेक्षा कठीण निघू शकतं. म्हणून हे आधी तपासा.

शेतकरी वडिलांचं आयकर विवरण नसतं, तेव्हा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ८-अ (एकूण जमिनीचा खाते उतारा) आणि पिकाच्या विक्रीच्या पावत्या घेऊन बँकेत जा आणि शाखा काय मान्य करते ते विचारा. पगारदार सहकर्जदार, म्हणजे शिक्षक मामा किंवा नोकरीतला भाऊ, असेल तर फाइल हलकी होते. त्यांच्याशीही आत्ताच बोलावं. अ‍ॅडमिट आल्यावर पेढा देतादेता सहीचा विषय काढला की दोन्ही गोष्टींची चव जाते.

आय-२० साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसाकरता विद्यापीठ देतं त्या फॉर्मसाठी, विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढा पैसा दाखवायला सांगतं. तिथे बचत खातं, मुदत ठेव आणि कर्जमंजुरीचं पत्र चालतं, जमिनीचं मूल्यांकन सहसा धरत नाहीत. पैसे पतसंस्थेत असतील तर ते वेळेत शेड्यूल्ड बँकेत वळवा, इंग्रजीतलं बॅलन्स सर्टिफिकेट तिथून सहज मिळतं. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) वेगळं काढावं लागतं, त्यालाही वेळ लागतो.

एक छोटी गोष्ट विसरली जाते. डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. जागा पक्की करायची रक्कम भरायच्या शेवटच्या रात्री कार्ड नाकारलं जातं ते यामुळेच.

इकडची गाडी चुकवू नका

गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा दिली असेल तर तिचा निकाल मार्चमध्ये लागतो आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. पण आयआयटीच्या एम.टेक.साठी प्रत्येक आयआयटीकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्या खिडक्या निकालाच्या आसपास उघडून पटकन बंद होतात. परदेशच्या पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्यांचं इथे नुकसान होतं. कोॲपवर, म्हणजे आयआयटींच्या ऑफर एकत्र दाखवणाऱ्या पोर्टलवर, नोंदणी ही त्यानंतरची, वेगळी पायरी. ऑफर तिथे दिसते, आणि ती स्वीकारायची, धरून थांबायचं की नाकारून थांबायचं हे दिलेल्या मुदतीत निवडावं लागतं. काहीच निवडलं नाही तर ऑफर जाते. एनआयटींसाठी सीसीएमटी हे प्रवेशाचं पोर्टल वेगळं.

ओबीसी असाल तर राज्याचं नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते सहसा १ एप्रिलनंतरच्या तारखेचं मागतात, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत त्याच नावाने आहे का हे आधी पाहावं लागतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतू केंद्रात जा. मे-जूनमध्ये तिथे सगळ्या जिल्ह्याची गर्दी असते. एमबीए-एमसीएची सीईटी दिली असेल तर कॅपच्या फेऱ्या त्याच सुमारास किंवा थोड्या पुढे येतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातले पदव्युत्तर प्रवेश पदवीचे निकाल लागल्यावर सुरू होतात, त्यामुळे तो दरवाजा सगळ्यात शेवटी बंद होतो.

विचारणारे

लग्नसराई आहे, दर मांडवात कुणीतरी विचारणारच, “काय व्हयनं रे तुनं?” एकच ठरलेलं उत्तर घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या: “एप्रिलअखेर कळेल, कळलं की आम्हीच फोन करू.” किती ठिकाणी अर्ज केले आणि किती नकार आले हे आकडे घराबाहेर जाऊ देऊ नका. आई-बापूंना मात्र दर रविवारी एकदा बसून सगळं खरं सांगा. त्यांना माहिती मिळत नाही म्हणून ते दिवसातून चार वेळा विचारतात.

वेटलिस्ट आणि १५ एप्रिल

वेटलिस्टचा मेल आला तर त्यात नाव कायम ठेवायचं का हे विचारलेलं असतं. त्याला दोन-तीन दिवसांत ‘हो’ म्हणा. सोबत अर्ध्या पानाचं पत्र: अजून यायचं आहे, आणि अर्जानंतर काय नवं झालं, म्हणजे सातव्या सेमिस्टरचे गुण, पूर्ण झालेला प्रकल्प, छापून आलेला पेपर. नवं काही नसेल तर तीन ओळी पुरेत. ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ हे वाक्य एकाच विद्यापीठाला लिहायचं असतं. न मागितलेली शिफारसपत्रं पाठवू नका.

१५ एप्रिलची तारीख सगळीकडे ऐकू येते, पण तिचा अर्थ नेमका आहे. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर ज्या विद्यापीठांनी सही केली आहे, ती स्कॉलरशिप, फेलोशिप किंवा असिस्टंटशिपसह दिलेल्या ऑफरला १५ एप्रिलआधी उत्तर द्यायला भाग पाडत नाहीत. आधी स्वीकारली असेल तरी त्या तारखेपर्यंत लेखी कळवून सोडता येते. पैशांशिवायच्या साध्या अ‍ॅडमिटला हा ठराव लागू नाही. तिथे विद्यापीठ मार्चमध्येही डिपॉझिट मागू शकतं आणि ते बहुधा परत मिळत नाही. दोन तारखा आपटत असतील, म्हणजे एकीकडे १ एप्रिलला डिपॉझिट आणि दुसरीकडचं उत्तर बाकी, तर पहिल्याकडे दोन आठवड्यांची मुदतवाढ मागा. अनेक ठिकाणी मिळते. न मिळाल्यास डिपॉझिटची रक्कम आणि दुसऱ्या जागेची शक्यता तोलून घरात बसून ठरवा.

अ‍ॅडमिटचं पत्र म्हणजे आय-२० नाही. आय-२० हातात आल्याशिवाय ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची अमेरिकी सरकारची फी) भरता येत नाही आणि मुंबईची व्हिसाची मुलाखतही पुढे सरकत नाही. आय-२० आली की नाव, जन्मतारीख आणि रक्कम पासपोर्टशी आणि बँकेच्या पत्राशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक निघाली तर दुरुस्तीची मागणी त्याच दिवशी करा.

जागा पक्की झाली की बाकीच्या ऑफर पोर्टलवरूनच नाकारा. चुकीच्या विद्यापीठाच्या पानावर ‘डिक्लाइन’ दाबल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा हे काम दुपारी, पूर्ण जागे असताना, एका वेळी एकच टॅब उघडा ठेवून करा आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट ठेवा.