सॅन अँटोनिओच्या मिशन्सना निघण्याआधी

घरी पाहुणे आले की ह्यूस्टनहून टेक्सासमधल्याच सॅन अँटोनिओची फेरी ठरलेलीच, तिथली मिशन्स, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांनी अठराव्या शतकात वसवलेल्या चर्चसह वसाहती, बघायला. त्यामुळे ही यादी आता तोंडपाठ झाली आहे. पहिलं काम आठवडाभर आधीच उरकायचं: शहरातलं मिशन म्हणजे अलामो, त्याच्या चर्चमध्ये शिरायला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. ते फुकट असतं, पण ऑनलाइन काढून ठेवलेलं बरं. नदीकाठच्या बाकी चार मिशन्सना, म्हणजे कन्सेप्सियोन, सान होजे, सान हुआन आणि एस्पादाला, तिकीट लागत नाही. ती राष्ट्रीय उद्यानात मोडतात. पाचही मिळून २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी हे दिवस मात्र टाळा.

या चारही ठिकाणी आजही प्रार्थना होतात. वसईच्या किल्ल्यातली छप्पर उडालेली चर्च पाहिलेला माणूस इथंही सवयीनं भग्नावशेष शोधत शिरतो आणि समोर लग्न लागत असतं! तसं असेल तर बाहेर थांबायचं. खांदे झाकणारे कपडे घाला, टोपी आत काढून हातात घ्या, मोबाइल मुका करा. रविवारी सान होजेत मारियाची या मेक्सिकन वाद्यवृंदाच्या साथीनं मास, म्हणजे कॅथलिक सामूहिक प्रार्थना, होते. ती ऐकायची तर बसून पूर्ण ऐका, मधून उठू नका.

बहुतेक लोक शहरातून दक्षिणेकडे येतात. मी उलटं करते. सकाळी नऊला एस्पादा, कारण तिथं सावली कमी आणि ऊन पुढं वाढतच जातं. जवळच १७४५च्या सुमाराचा दगडी जलसेतू आहे. ओढ्यावरून अजूनही पाणी नेतो. तिथं दहा मिनिटं द्याच. सान हुआन पटकन होतं. सान होजेला दीड तास ठेवा: तटाला लागून स्थानिक आदिवासींच्या राहायच्या खोल्या आहेत. मिशन उभं राहिलं ते त्यांच्याच कष्टावर, आणि साथीच्या रोगांत ते फार मेले. कोरीव गुलाब-खिडकी चर्चच्या दक्षिण भिंतीवर आहे. दर्शनी कोरीवकाम बघून परत फिरलात तर हुकेल.

कन्सेप्सियोन शेवटी, पण चारच्या आत. एकदा आम्ही पाचला दहा मिनिटं कमी असताना पोचलो आणि चौकटीतूनच दर्शन घेऊन परतलो. १७५५मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च पश्चिमाभिमुख आहे. एका खोलीच्या छतावर मिशीवाला सूर्य रंगवलाय, त्यासाठी मान वर करा. १५ ऑगस्टला संध्याकाळी सूर्यकिरण थेट आत येतात. तारीख आपल्याला विसरायला नको, फक्त गर्दी आणि उकाडा दोन्ही गृहीत धरा.

एरवी नोव्हेंबर ते मार्च उत्तम. सायकल घ्यायची तर नदीकाठचा मिशन रीच मार्ग साधारण १३ किलोमीटर आहे, पण जोराचा पाऊस झाला असेल तर मार्गाचे सखल भाग बंद असतात, आधी बघून घ्या. माणशी दोन लिटर पाणी, सनस्क्रीन, आणि बंद बूट. चपला नकोच: हिरवळीत लाल मुंग्यांची वारुळं असतात आणि त्या चावल्या की फोड येतात. दशम्या-चटणीचा डबा घ्या, मिशनच्या आवारात खायला फारसं काही मिळत नाही. डबा मात्र गाडीतच खा, हिरवळीवर सतरंजी टाकायचा मोह होतो तेव्हा त्या मुंग्या आठवा.