जाम बोल्ट: जोर लावण्याआधी आणि मोडल्यानंतर

कोल्हापुरात चार महिने पाऊस, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर पसरलेला चिखल, आणि 2019 किंवा 2021 च्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर इंजिनाच्या फटीफटीत बसलेला गाळ. अशा गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा नळ्यांचा भाग) पहिल्यांदा उघडताना ताकद तालमीत ठेवून यावं. नट घट्ट आवळलाय म्हणून अडत नाही, गंजानं आटे धरलेत म्हणून अडतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाते.

आकडेच बघा. 8.8 ग्रेडचा (मजबुतीची खूण) एम 8, म्हणजे 8 मिलिमीटर जाडीचा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटरला (पिळण्याच्या जोराचं माप) कसतात. 60 सेंटिमीटरच्या दांड्यावर 20 किलोचा जोर दिला, तर बोल्टवर सुमारे 120 न्यूटन-मीटर जातात. पानाला पाइप घालून ओढलं की स्टड (डोकं नसलेला, हेडमध्ये रोवलेला बोल्ट) तुटतो तो याच हिशेबानं.

म्हणून काम आदल्या संध्याकाळी सुरू करा. तारेच्या ब्रशनं उघडे आटे चकचकीत करा, नाहीतर तेल गंजाच्या पापुद्र्यावरच थांबतं. मग गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल मारा. साधा डब्ल्यूडी-40 मुळात पाणी हटवण्यासाठी आहे, चालतो, पण खास गंजासाठीचा डबा जास्त आत शिरतो. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समान मापात मिसळूनही चांगलं काम होतं. मात्र हे मिश्रण पटकन पेट घेतं, लगेच वेगळं होतं आणि रंग उडवतं, त्यामुळे दर वेळी हलवून थेंबाथेंबानं सोडा. संध्याकाळी, झोपण्याआधी आणि सकाळी असं तीनदा तेल द्या. दर वेळी नटाच्या डोक्यावर हातोडीचे सात-आठ टोले. टोला जड नको, टणक हवा, कारण गंजाचा थर हादऱ्यानं तडकतो आणि तेलाला वाट मिळते. मध्ये दहा मिनिटं इंजिन चालवून पूर्ण गार होऊ दिलं तर आणखी बरं. तापलेल्या मॅनिफोल्डवर मात्र फवारू नका, धुरामागून जाळ यायला वेळ लागत नाही.

गोटी (सॉकेट) सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी कोपऱ्यावर पकडते आणि गंजून बारीक झालेला नट तिथंच गोल होतो. 13 च्या नटावर 13 ची गोटी खुळखुळत असेल, तर अर्ध्या इंचाची गोटी हातोडीनं ठोकून बसवा. ती 12.7 मिलिमीटरची असते, त्यामुळे घट्ट बसते. फिक्स पाना अशा कामाला बाहेर काढूच नका.

आता सोडवायच्या आधी किंचित आवळा. उलटं वाटतं, पण गंजाची पकड मोडायला तेवढी हालचाल पुरते. मग पाव आटा सोडा, परत अर्धा पाव आवळा, तेल द्या, पुन्हा सोडा. कडाडून 'टक्' आवाज आला तर नट सुटला. सारखं कर्र कर्र होत असेल तर आटे कोरडे आहेत, तेल देऊन पाच मिनिटं थांबा. आणि पाना मऊ लागला, हात सोडल्यावर स्प्रिंगसारखा परत यायला लागला, तर स्टड पिळला जातोय. तिथं थांबलात तरच तो वाचतो.

एवढ्यानंही नाही हललं तर उष्णता. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पेट्रोल-डिझेलचे पाइप आणि वायरिंग ओल्या फडक्यानं झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला ज्योत किंवा वेल्डिंग दाखवू नका. क्लोरिनवाल्या क्लीनरपासून विषारी वायू होतो. ब्लो टॉर्चची ज्योत नटावर धरा, स्टडवर नाही. नट फुगला पाहिजे, स्टड नाही. नट मंद लाल झाला की ज्योत काढा, मेणबत्तीचं मेण आट्यांना टेकवा. वितळलेलं मेण आत ओढलं जातं. मग पुढे-मागे करत सोडवा. नटाबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला तर वाईट मानू नका, नवा स्टड घालायचाच असतो.

बोल्ट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनाचा वरचा भाग) असेल तर नियम उलटा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे बोल्टभोवतीचा भाग तापवायचा. हॉट एअर गननं, पाण्याचा थेंब चुरचुरेल इतकाच. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सरळ वितळतं, म्हणून तिथं टॉर्च नको.

स्पार्क प्लगचंही हेच तत्त्व, फक्त इथं आटे मऊ धातूचे. आधी प्लगच्या विहिरीतली (तो बसतो त्या खोल खाचेतली) धूळ हवेनं उडवा. इंजिन थंड किंवा कोमट असू द्या. तापलेल्या हेडमधून प्लग ओढला की आटे त्याच्याबरोबर येतात. पाव आटा सुटून अडला तर तेल सोडून वीस मिनिटं थांबा आणि पुढे-मागे करा. डिझेल इंजिन सुरू करताना तापवणाऱ्या ग्लो प्लगला यापेक्षा जपा. एम 10 चा प्लग 35 न्यूटन-मीटरच्या आसपास मोडतो, म्हणून त्याला टॉर्क पाना (किती जोर पडतोय ते दाखवणारा पाना) लावूनच हात घाला.

तुटलाच, तर आधी पाहा किती वर आहे. पाच-सहा मिलिमीटर बाहेर असेल तर वाइस ग्रिप (घट्ट धरून राहणारी पक्कड) किंवा दोन नट एकमेकांवर आवळून काढता येतो. थोडाच वर असेल तर त्यावर मोठ्या भोकाचा नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डची उष्णता स्टडला आतून सैल करते, म्हणून हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. नट काळा पडेपर्यंत थांबा आणि मग पाना लावा. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प त्या स्टडजवळच लावा.

सपाट तुटलेल्यासाठी सेंटर पंच अगदी मधोमध मारा. पुढचं सगळं काम त्या एका टोल्यावर ठरतं. 3 मिलिमीटरच्या ड्रिलनं सुरू करा, मग 5. उलट्या आट्याचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, बऱ्याचदा ड्रिल करतानाच तुकडा फिरून वर येतो. ईझी आउट (तुकड्यात भोक पाडून त्यात उलटं पिळून घालायचं हत्यार) शेवटचा आणि हलक्या हातानं. ते कडक पोलादाचं असतं, आत मोडलं तर साधं ड्रिल त्यावर घसरतं आणि स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणगीनं धातू झिजवणाऱ्या) मशीनशिवाय निघत नाही. काहीच जमलं नाही तर एम 8 साठी 6.8 चं ड्रिल करून 1.25 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारा. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). भोक वाकडं जायला लागलं की हात थांबवा. हेड उतरवून उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे न्या. वाकड्या भोकावर दुसरं भोक पाडून पाण्याच्या वाटेत घुसलात तर खर्च हेडपर्यंत जातो.

परत बसवताना नवे स्टड आणि तांब्याचा मुलामा दिलेले नट वापरा, आट्यांना उष्णता सोसणारं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा. हे लावलेले आटे घसरतात, म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर थोडा कमी धरा. नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत कसा. पहिल्यांदा तापून गार झाल्यावर एकदा टॉर्क पाना परत फिरवा.