क्रिबची पिल्लं वाढवायचीत? मग गुहेत डोकावू नका

माझ्या क्रिबेन्सिस (थोडक्यात क्रिब) माशांच्या जोडीची पहिली तीन वेतं वाया गेली आणि त्यातली दोन निव्वळ माझ्यामुळे. दर दोन तासांनी मी टॉर्च घेऊन टाकीतल्या कुंडीत, म्हणजे त्यांच्या गुहेत, डोकावायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मादी बाहेर निवांत फिरत होती आणि अंडी चिकटवलेलं कुंडीचं छत स्वच्छ पुसल्यासारखं होतं. घाबरलेली जोडी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. चौथ्या वेळी टाकीच्या तीन बाजूंना कागद लावला, टॉर्च दुसऱ्या खोलीत ठेवला आणि पिल्लं दिसली.

सिक्लिड कुळातल्या लहान माशांत सुरुवात करायची तर मी क्रिबच सुचवते. त्याच कुळातला रॅम दिसायला जास्त देखणा, पण त्याची पिल्लं फार बारीक असतात आणि त्याला पाणीही जास्त उबदार लागतं. क्रिब मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरियाच्या बाजूचा. तो पाण्याबाबत बराच सोशिक आहे आणि आईबाप म्हणून फार कडक.

टाकी ६० सेंटिमीटर लांबीची पुरते, म्हणजे साधारण ५० लिटर. तळाला बारीक वाळू, कारण ही जोडी उकरणारच. फिल्टर स्पंजचाच घ्या. दुसरे फिल्टर पिल्लं ओढून घेऊ शकतात. शिवाय स्पंजवर जमणारा बारीक थर पिल्लं दिवसभर टिपत राहतात. टाकी मात्र मुरलेली हवी. स्पंजात जिवाणू बसायला महिनाभर तरी जातो, आणि अमोनिया व नायट्राइट (पाण्यातल्या घाणीतून होणारी विषं) शून्य दिसल्याशिवाय मासे आणायचेच नाहीत. तापमान २६-२७ अंश, पीएच ६.५ ते ७.

पीएचचं एक गंमतीचं आहे. क्रिबच्या पिल्लांचं लिंग काही अंशी लहानपणच्या पाण्यावर ठरतं: पाणी जास्त आम्लधर्मी असेल तर नर जास्त निपजतात. (अपिस्टोग्रामा नावाच्या दुसऱ्या लहान सिक्लिडात हेच काम तापमान करतं, पाणी गरम तर नर जास्त.) म्हणून पीएच खाली ओढायचा अट्टहास करू नका. नाहीतर बहुतेक पिल्लं नरच निघतील आणि पुढची जोडी लावताना अडाल.

जोडी तयार आणण्यापेक्षा पाच-सहा लहान मासे आणा आणि त्यांचं त्यांना जुळू द्या. मी एकदा हट्टानं ‘चांगला’ नर आणि ‘चांगली’ मादी निवडून सोडली. आठवडाभरात नराची शेपटी कुरतडलेली. नर लांबट, पाठीचा पर मागे टोकदार. मादी आखूड, गोल, आणि पोटावर चेरीसारखा जांभळट लाल डाग. फक्त लाल पोटावर भुलू नका, ते काही नरांनाही असतं. पराचा आकार बघा. जुळलेली मादी नरासमोर अंग कमानीसारखं वाकवून थरथरते. ते एकदा पाहिलं की परत ओळखायला चुकत नाही. जोडी ठरली की बाकीचे मासे दुसरीकडे हलवा. तळात राहणारे कोरीडोरास मासे तर नकोतच. त्यांना हद्द कळत नाही आणि जोडी त्यांचे डोळे टोचून काढते.

गुहा म्हणजे आडवी ठेवलेली मातीची कुंडी किंवा उपडी करवंटी. तोंड इतकं लहान ठेवा की मादी सहज जाईल आणि नराला अंग चोरावं लागेल. अंडी छताला चिकटवतात. मादी एकाएकी दिसेनाशी झाली आणि नर गुहेबाहेर गस्त घालायला लागला की समजा, अंडी आहेत. इथून पुढे आठवडाभर हात टाकीबाहेर. साधारण तीन दिवसांनी अंडी फुटतात, पण पिल्लं तेव्हा पोहत नाहीत. अंड्यातल्या पिवळ्या पिशवीवर जगत गुहेत नुसती वळवळतात. आठवड्याच्या आसपास एका सकाळी मादी राखाडी ठिपक्यांचा ढग घेऊन बाहेर येते.

आता मात्र घाई करा. पिल्लांचं पहिलं खाणं, म्हणजे आर्टेमिया (अंड्यांतून उबवायचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव), आदल्या दिवशीच लावलेलं असायला हवं. मी एका लिटर पाण्यात २५ ग्रॅम साधं मीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि पाव चमचा आर्टेमियाची अंडी टाकते. तळापर्यंत हवेची नळी, वर दिवा. २७ अंशांना २४ तासांत नारिंगी धूळ हलताना दिसते. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया त्यांच्याखाली गोळा होतो, आणि न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात. मधला थर नळीनं ओढा, दाट कापडातून गाळा, गोड्या पाण्यानं धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नका. शिळा आर्टेमियाही नको. त्याच्या अंगातलं सत्त्व पहिल्या काही तासांतच ओसरतं.

दिवसातून चार वेळा, थोडं थोडं, ड्रॉपरनं थेट घोळक्याजवळ सोडा. भिंगातून बघितलं तर पिल्लाचं पोट गाजरासारखं नारिंगी दिसायला हवं. तसं दिसलं की बस, आणखी घालू नका. न खाल्लेला आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतो, सडतो, आणि वर हायड्राही (काचेला चिकटून राहणारा, पिल्लं पकडणारा इवला जीव) माजतो. माझ्या काचेवर एकदा हायड्राची झालरच लागली होती. आर्टेमिया बिघडला तर हाताशी मायक्रोवर्म (खायला घालायचे सुतासारखे इवले जंत) ठेवा. ते तळाला बसतात आणि क्रिबची पिल्लंही तिथंच चरतात.

रोज दहा टक्के पाणी बदला, हवेच्या बारीक नळीनं, खालच्या बादलीत. बादली लगेच ओतू नका, आधी पांढऱ्या वाटीनं तपासा. तीन-चार पिल्लं निघतातच. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तेवढंच उबदार. रात्री दिवा एकदम विझवू नका. अंधार पडायला लागला की मादी पिल्लं तोंडात भरून गुहेत नेऊन थुंकते. मध्येच काळोख झाला तर बाहेर राहिलेली हरवतात. खोलीतला मंद दिवा अर्धा तास ठेवला तरी पुरतो.

तीन-चार आठवड्यांत पिल्लं सेंटिमीटरभर होतात. नर त्यांनाच हुसकायला लागला, की जोडीला परत अंडी घालायची आहेत. त्या दिवशीच पिल्लं दुसऱ्या टाकीत हलवा, पाणी मात्र याच टाकीचं घ्या. आणि पन्नास-साठ पिल्लं कोण घेणार, हे अंडी पडायच्या आधी विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं. मग वेत थांबवावं म्हणून कुंडी काढून घेतली, तर पंधरा दिवसांत त्यांनी लाकडाखाली वाळू उकरून स्वतःची गुहा केली.